सुकाणूंचें तेल गळूं लागलें तर

लाखनीच्या एका भगिनीनें आम्हांस विचारिलें आहे कीं, आठ-दहा दिवसांपासून मोटारीखालीं तांबूस तेलाचा डाग पडतो व वळतांना चक्र जड लागतें. तेव्हां वाटेंत बाटलीनें तेल भरीत वृद्ध सासऱ्यांस नागपुरास डॉक्टरांकडे नेण्यास हरकत आहे काय? आमचें मत असें कीं, नेऊं नये. परंतु नुसत्या नकारानें सुज्ञ वाचकांचें समाधान होत नाहीं, म्हणून कारणें थोडीं विस्तारानें देतों.

चक्र हलकें करण्याची ही युक्ति अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यानें १९२६ सालीं गाडीस बसवून दाखविली. विक्रीच्या मोटारींत मात्र ती क्रायस्लर कंपनीनें १९५१ सालीं प्रथम आणिली. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबानें पुढें ढकलतो, तो दाब चाकें वळविण्याच्या कामीं हातांस साहाय्य करितो, आणि तेल परतीच्या नळीनें डब्यांत येतें. हा फेरा बंदिस्त आहे. म्हणून तेल कमी झालें म्हणजे तें कोठें तरी गळत आहे, असें निश्चित समजावें.

मात्र डाग कशाचा आहे हें आधीं ठरवावें. अलीकडच्या पुष्कळ लहान गाड्यांचें स्टिअरिंग विजेवर चालतें. त्यांत हें तेल मुळींच नसतें. तेव्हां गाडीची पुस्तिका पाहिल्यावांचून तर्क करूं नये. रात्रीं गाडीखालीं जुना पुठ्ठा अंथरावा. सकाळीं काळपट डाग दिसला तर तो बहुधा एंजिनाच्या तेलाचा, हिरवा वा गुलाबी दिसला तर शीतक द्रवाचा. वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारें स्वच्छ पाणी निरुपद्रवी. चाकाच्या आंतल्या बाजूस पिवळसर ओल दिसत असेल आणि ब्रेकचें पायदान खोल जात असेल, तर तो ब्रेकचाच प्रश्न होय. अशी गाडी जागची हलवूंही नये.

आतां मुख्य गोष्ट. तेल संपलें तरी चक्र व चाकें यांचा सांधा तुटत नाहीं. गाडी वळते, परंतु फार बळ लावावें लागतें, विशेषतः गति मंद असतांना. राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्यास आमच्या पिढींतील लोक अजून सहा नंबरच म्हणतात, त्यावर भरलेल्या ट्रकांच्या रांगेंत एकाएकीं हात जड व्हावे, ही कल्पनाच आम्हांस सोसवत नाहीं. शिवाय त्याच तेलानें पंपासही वंगण मिळतें. कोरडा पंप प्रथम कण्हतो आणि मग निकामी होतो. तापलेल्या धुराच्या नळीवर तेल पडून पेट घेण्याची भीति आहे, ती निराळीच. सासऱ्यांसाठीं त्या दिवसापुरती भाड्याची गाडी करावी. तो खर्च वायफळ नव्हे.

कारागिराकडे गेल्यावर आधीं परतीच्या नळीची पकड पाहावयास सांगावें. पुष्कळदां तीच सैल झालेली असते व काम स्वल्पांत भागतें. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. त्या उष्म्यानें जुनें रबर कडक होऊन चिरतें. दाबाच्या नळीस मात्र चिकटपट्टी गुंडाळणें हा शुद्ध अविचार. ती नळी बदललीच पाहिजे. सुकाणूंच्या दांड्यावरील रबरी भात्यांत तेल सांचलेलें आढळल्यास आंतील सील गेलें असें समजावें, आणि हें काम महाग पडतें. गळती थांबविणारें म्हणून जें औषध बाटलींतून विकतात, त्यानें रबर फुगून कांहीं दिवस निभावतें. आम्हांस तें पसंत नाहीं.

नवें तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घालावें. दुरुस्तीनंतर पुढचीं चाकें उचलून चक्र दोन्हीं टोकांपर्यंत सावकाश अनेकदां फिरवावें लागतें, म्हणजे आंत शिरलेली हवा निघून जाते. डब्यांत फेस दिसत असेल तोंवर काम पुरें झालें नाहीं. वळवितांना चक्र शेवटच्या टोकास नेऊन तसेंच दाबून धरण्याची कित्येकांस खोड असते, ती सोडावी. त्यानें दाब विनाकारण वाढतो. काढलेलें जुनें तेल गटारांत वा धानाच्या बांधींत ओतूं देऊं नये, डब्यांत भरून कारागिराकडेच ठेवावयास सांगावें.