कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे!

तर झालं असं की मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी माझी २००१ सालची पोर्शे बॉक्सटर चालू केली आणि मागून पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की समोरच्या घरातल्या आजींनी धाडकन खिडकी लावून घेतली. (न्यू जर्सीत कोणी ओरडत नाही, खिडक्या लावतात!)

'चेक इंजिन'चा दिवा आधीपासूनच लागत होता. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, 'मिश्रण पातळ' असा कोड वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलले. दिवा पुन्हा हजर. मग हवा मोजणारा सेन्सर बदलला. दिवा तरीही हजर! वर फुकटचा सल्ला: "जुनी गाडी आहे, विकून टाका."

माझं भांडण इथेच आहे. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. एक्सेप्शन ज्या ओळीवर येतं तिथेच बग असतो असं नाही, हे आपल्याकडे नव्या पोरालाही कळतं.

पिस्टन रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये झिरपतोच. एअर ऑइल सेपरेटर त्यातलं तेल वेगळं करतो आणि उरलेली वाफ इनटेकमध्ये सोडतो. त्यातला रबरी पडदा क्रँककेसमधला व्हॅक्यूम आटोक्यात ठेवतो. तो फाटला की इनटेकची ओढ थेट क्रँककेसवर येते, तेल वर खेचलं जाऊन जळतं आणि न मोजलेली हवा आत शिरते. म्हणून 'मिश्रण पातळ'!

आणि हे तपासायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. ऑइलच्या जास्तीच्या झाकणाला भोक पाडून नळी बसवायची, मॅनोमीटर जोडायचा, इंजिन गरम करून आयडलवर ठेवायचं. या इंजिनात साधारण ४ ते ६ इंच पाणी इतका व्हॅक्यूम हवा. माझ्याकडे आला ११! उलट आकडा शून्याकडे झुकला असता तर मी झाकणाचं सील, ऑइल भरायची नळी असल्या गळत्या शोधल्या असत्या. म्हणजे एकच आकडा, पण कुठल्या दिशेला जायचं ते सांगतो.

"एवढं मोजत बसायला गॅरेजवाल्याला वेळ कुठे असतो?" असं म्हणणारे भेटतातच. अहो, चुकीचे पार्ट बदलायला वेळ होता ना? त्याचे पैसे मी भरले. शिवाय हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. तेल जास्त खेचलं जाऊन सिलिंडरमध्ये साचलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच जातं.

सेपरेटर बदलला, पुन्हा मोजलं: ५. धूर गेला, दिवाही गेला.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी पार्ट बदलायला सांगितला तर आधी एवढंच विचारा: "काय मोजलंत? आकडा किती आला?" उत्तर नसेल, तर किल्ली परत मागा.