सही कुणाची?

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध शाळेत आपण सर्वांनीच लिहिलेला आहे. ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असा शेवट करून मीही गुण मिळवले होते. त्या वाक्याचा खरा अर्थ मात्र मला गेल्या उन्हाळी सुटीत कळला.

माझी आत्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात वीस वर्षे काम करते. सुटीत मीही तिथे रोजंदारीवर खोकी भरत होतो. औषधाच्या धंद्यात कायद्याचा पहारा कडक. प्रत्येक बॅचची नोंद ठेवायची, काम केले त्याच वेळी लिहायचे. चूक झाली तर खाडाखोड नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख. आत्या सातवी शिकलेली. पण सहीची किंमत तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

तिच्या खात्यातून वह्या गेल्या आणि संगणक आले. पडद्यावरची भाषा इंग्रजी, शिकवणी एका दिवसाची. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा हवा. पण काम खोळंबते म्हणून सकाळी एकीने आपल्या नावाने संगणक उघडायचा आणि दिवसभर सर्वांनी त्यावरच नोंदी करायच्या, अशी वहिवाट पडली. एके दिवशी मुदतीची तारीख चुकीची छापली गेली. तपासणीची नोंद आत्याच्या नावावर होती. त्या वेळी ती जेवायला गेलेली! ‘संगणक खोटे बोलत नाही,’ असे सांगून तिला चार दिवस घरी बसवले.

“अरे, वहीत माझी सही असती तर मी चूक पदरात घेतली असती. पण ही सही माझी नाहीच!” आत्या म्हणाली.

मग पुन्हा वह्याच आणाव्यात काय? मला तसे वाटत नाही. संध्याकाळी बसून दिवसभराचे आकडे ‘जुळवणारे’ वहीतही असतात. नीट बसवलेला संगणक कोणी, केव्हा, कोणता आकडा बदलला हे जपून ठेवतो. अमेरिकेत १९९७ च्या नियमांनी संगणकावरील सहीला कागदावरच्या सहीचा दर्जा दिला. पण ती सही एकाच व्यक्तीची असली पाहिजे, दुसऱ्याला वापरता कामा नये, ही अट घालूनच. आत्याच्या कंपनीने यंत्र घेतले आणि अट विसरली.

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधांच्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा परवाना क्रमांक आता रुग्णाला मोबाइलवर पाहता येतो. ही सोय स्वागतार्हच आहे. पण कारखान्यातली मूळ नोंदच खोटी असेल तर तो कोड काय करणार? तेच खोटे घरोघर पोहोचवणार!

म्हणून माझे म्हणणे असे की, बदलाची सुरुवात यंत्राच्या खरेदीपासून नव्हे, ते हाताळणाऱ्या बायामाणसांपासून व्हावी. त्यांना आधी विचारावे, प्रत्येकीला स्वतःचा पासवर्ड द्यावा, काही महिने वही आणि संगणक बरोबरीने चालवून ताळा पाहावा. आणि पडद्यावर सोपी मराठी आणावी. हे शेवटचे काम एकट्या अभियंत्यांचे नव्हे. भाषा शिकणाऱ्या आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी ते अंगावर घ्यायला काय हरकत आहे?