निवेदन : इमारतीखालची जमीन गृहनिर्माण संस्थांच्या नावावर वेळेत होण्याबाबत

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मानीव अभिहस्तांतरणाच्या आदेशाची अंमलबजावणी मिळकत पत्रिकेवर नाव लागेपर्यंत होण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे मुंबई महानगर प्रदेशातील जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी व सभासद आहोत. आमच्यापैकी बऱ्याच इमारतींची चाळिशी जवळ आली आहे. फ्लॅटचे पैसे केव्हाच फिटले, मालमत्ता कर आम्ही भरतो, गळती-दुरुस्ती आम्ही करतो. पण मिळकत पत्रिकेचा उतारा काढला की त्यावर नाव निघते मूळ जमीनमालकाचे किंवा त्याच्या वारसांचे. हा विषय सहकार, गृहनिर्माण आणि महसूल अशा तीन खात्यांत विभागला गेल्यामुळे आम्ही थेट आपल्याकडे आलो आहोत.

कायदा आमच्या बाजूने आहे. 1963 च्या मोफा कायद्याच्या कलम 11 ने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक केले. करारात मुदत ठरलेली नसेल, तर संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत हे व्हायला हवे. बिल्डरांनी ते केले नाही, म्हणूनच 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद अमलात आली. संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा आणि त्यांनी जास्तीत जास्त सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो.

प्रत्यक्षात बिल्डरचे वकील वकीलपत्र दाखल करायला तारीख मागतात, मग म्हणणे मांडायला तारीख मागतात, आणि सहा महिने तिथेच सरतात. पुढे आदेश हाती आला तरी काम संपत नाही. दस्ताच्या अभिनिर्णयासाठी मुद्रांक कार्यालय, नंतर दुय्यम निबंधक. तिथे कलम 11(5) नुसार बिल्डरला पुन्हा नोटीस जाते आणि उपनिबंधकांनी फेटाळलेल्याच हरकती तो पुन्हा मांडतो. दस्त नोंदला गेला की नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा नवा अर्ज आणि पुन्हा हरकती. एकाच माणसाला तीन दारांत तेच बोलू देण्याची ही पद्धत आम्हाला अन्यायाची वाटते. मानीव अभिहस्तांतरणाने मालकीचा अंतिम निवाडा होत नाही, ज्याला हक्क सांगायचा आहे त्याला दिवाणी न्यायालय खुले आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. मग त्यासाठी शेकडो कुटुंबांना का थांबवायचे?

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की उपनिबंधकांचा आदेश निघाला की त्याची प्रत शासनानेच पुढच्या कार्यालयांकडे पाठवावी आणि मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर संस्थेचे नाव लागेपर्यंतची जबाबदारी एका नेमलेल्या अधिकाऱ्यावर ठेवावी. दुय्यम निबंधकांसमोरची सुनावणी आदेश खरा आहे का, एवढ्यापुरतीच राहावी. त्यासाठी लागेल ती कायदादुरुस्ती करावी. सहा महिन्यांची मुदत उलटलेल्या प्रकरणांची यादी प्रत्येक जिल्ह्याने दरमहा प्रसिद्ध करावी.

कागदपत्रांचाही विचार व्हावा. मंजूर नकाशा महापालिकेकडेच असतो, तरी त्याची प्रत आणायला संस्थेचे सेक्रेटरी, जे बहुधा निवृत्त गृहस्थ असतात, खेटे घालतात. शासनाच्या दप्तरात असलेला कागद शासनाने स्वतः मागवावा. जुने मूळ करारनामे गहाळ झालेल्या किंवा मूळ सभासद वारलेल्या फ्लॅटमुळे सगळ्या संस्थेचा अर्ज अडू नये.

मोठ्या लेआउटमध्ये बिल्डर ‘संपूर्ण प्रकल्प पुरा व्हायचा आहे’ असे वर्षानुवर्षे सांगत राहतो. तिथे बांधकाम क्षेत्राच्या प्रमाणात जमिनीचा अविभाज्य हिस्सा संस्थेला मिळावा आणि उरलेल्या चटईक्षेत्रावर बिल्डरने परस्पर नवे मजले चढवू नयेत, याची हमी आदेशातच असावी.

आता पुनर्विकासाची वेळ आली आहे आणि खरी कोंडी तिथे आहे. आमच्यातील एका इमारतीत जिन्याच्या स्लॅबला लोखंडी टेकू लावले आहेत. सळया गंजून फुगल्या आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ऐंशीच्या घरातल्या आजी त्या टेकूंमधून वाट काढत दवाखान्यात जातात. नवा विकासक जमिनीचे कागद मागतो. जुना बिल्डर ना-हरकत पत्रासाठी पैसे मागतो. स्वतःच कायदा मोडलेल्या माणसाला त्याच चुकीची किंमत वसूल करता येते, हे आम्हाला सहन होत नाही. मोफाच्या कलम 13 मध्ये जमीन संस्थेच्या नावे करून न दिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आदेश निघालेल्या प्रत्येक प्रकरणात ती कारवाई सुरू करण्याचे निर्देश द्यावेत.

नव्या प्रकल्पांना रेरा कायद्याच्या कलम 17 ने भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांची मुदत घातली आहे. तिची तपासणी आत्तापासून झाली, तर पुढच्या पिढीवर असे निवेदन घेऊन येण्याची पाळी येणार नाही.

तिन्ही खात्यांच्या सचिवांसह एक बैठक बोलवावी आणि त्यात आमच्या प्रतिनिधींना म्हणणे मांडू द्यावे, ही विनंती. प्रलंबित अर्जांची यादी व आदेशांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपले विश्वासू,
सह्या करणाऱ्या संस्थांचे अध्यक्ष, सचिव व सभासद

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. सहकारमंत्री, मा. महसूलमंत्री, मा. गृहनिर्माणमंत्री