फुकट घर, पण ऊन कुठाय?

"झोपडीवाल्यांना फुकटात घर मिळतंय, वर तक्रारी कसल्या?" पुनर्वसनाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. असं म्हणणाऱ्यांनी एकदा गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये जाऊन यावं. रस्ते-रेल्वेसाठी हलवलेल्या माणसांची ही वसाहत. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, मधल्या बोळात कचरा, म्हणून खिडक्या बंद. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने 2018च्या अहवालात या भागातल्या वसाहती तपासून सांगितलं, की जिथे ऊन-वारा पोचत नाही तिथे क्षयरोग जास्त. म्हणजे घर दिलं आणि सोबत आजारही दिला.

हे चुकून झालेलं नाही. ज्या योजनेत बिल्डरची कमाई विक्रीच्या चटईक्षेत्रावर किंवा टीडीआरवर असते, तिथे फुकट घरं म्हणजे त्याच्या दृष्टीने नुसता खर्च. मग ती कोपऱ्यात कोंबायची. त्यासाठी इमारतींमधलं अंतर कमी करायला नियमही सैल आहेतच!

आता पुण्याचं येरवडा बघा. 2009च्या सुमारास केंद्राच्या बीएसयूपी योजनेतून तिथल्या वस्त्यांत काम सुरू झालं. बिल्डर नाही, स्पार्क ही संस्था, महिला मिलनच्या बायका आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई. फक्त कच्ची घरं पाडली, पक्की तशीच ठेवली. प्रत्येकी 270 चौरस फूट. दहा टक्के रक्कम कुटुंबाची, बाकी सरकारी. कापडाचं पूर्ण मापाचं घर उभारून लोकांना आत फिरवलं, मग आराखडे ठरले. गल्ली तीच, शेजारी तेच, मुलांची शाळा तीच. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं कामही सुटलं नाही. सातव्या मजल्यावर कोंडलेल्या म्हातारीला जे लागतं ते इथे आधीपासून होतं, ते फक्त मोडलं नाही.

संस्थेचं नाव म्हणजे तावीज नव्हे, हेही सांगतो. मुंबईच्या रेल्वेलगतच्या पुनर्वसनात स्पार्कही सामील होतीच. फरक पडतो तो नकाशा कुणाच्या सोयीने आखला यामुळे.

"असं लहान प्रमाणावरच जमतं," असंही ऐकवलं जातं. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेने 10,000 घरं उभी केली. नरसय्या आडम यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, घरं उभी आहेत. आणि नफा काढायचा नसला की काम कसं निघतं ते दिसतंय.

सरकारी जमीन आपली सगळ्यांची. ती आधी बिल्डरलाच का विचारली जाते? तुमच्या वॉर्डात पुढची योजना आली की नगरसेवकाला गाठा. किती घरं ते नंतर. दोन इमारतींत अंतर किती, आणि राहणाऱ्या बायकांनी नकाशा पाहिलाय का, हे आधी विचारा.