रडवणं म्हणजे उपचार नव्हे!

सध्या शाळा-कॉलेजात एक कार्यक्रम जोरात आहे. वक्ता माईक घेतो, मागं करुण संगीत लावतो. "डोळे मिटा. तुमची आई गेलीय असं समजा. बोला तिच्याशी." शेकडो पोरं हुंदके देतात, मोबाईलवर शूटिंग होतं, वक्ता पाकीट घेऊन पुढच्या गावाला. जिच्या बापानं खरोखर आत्महत्या केलीय, त्या पोरीची ती रात्र कशी जाते, हे कोण विचारतं?

यालाच कुणी 'सायकोड्रामा' म्हणत असेल, तर ती शुद्ध फसवणूक आहे.

व्हिएन्नातले डॉक्टर जेकब मोरेनो यांनी शंभर वर्षांपूर्वी ही पद्धत मांडली. छोटा गट, बंद दार, शिकलेला उपचारक. आधी गटाची तयारी, मग प्रसंग, शेवटी प्रत्येकानं स्वतःचं बोलायचं. उपदेश बंद. दारू पिणाऱ्या नवऱ्यानं बायकोच्या जागी बसायचं आणि रात्री दार वाजल्यावर पोटात कसा गोळा येतो ते सांगायचं. नवरा गमावलेल्या बाईनं रिकाम्या खुर्चीला विचारायचं, "मला एकदा सांगायचं तरी होतं!" नको वाटलं तर थांबायची मुभा. आणि उघडलेली जखम बांधल्याशिवाय कुणालाही घरी सोडायचं नाही.

"नाटकानं कुठं दुखणं बरं होतं का?" असं हसणाऱ्यांनो, आपण गोंधळ-भारुडाच्या मुलखातली माणसं. सोंग घेऊन खरं बोलणं आपल्याला नवीन नाही. अर्थात, जिथं गोळ्या लागतात तिथं गोळ्याच.

२०१५ ला बळीराजा चेतना अभियान यवतमाळसोबत आपल्याच जिल्ह्यात सुरू झालं. तरी समुपदेशन म्हणजे भाषण, हा समज काही जात नाही. खचलेल्या माणसाला "खचू नका" सांगून काय होणार? त्याला बोलतं करावं लागतं.

तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोघांना एकत्र बसवा, माणसं शिकवून तयार करा आणि तालुक्याच्या दवाखान्यात दर आठवड्याला एक गट चालवा. जिल्हा प्रशासनाकडं एवढीच मागणी.

मुख्याध्यापकांनो, पुढच्या वेळी असा वक्ता आला तर दोनच प्रश्न विचारा: तुमचं शिक्षण काय? आणि उद्या या पोरांना कोण भेटणार? उत्तर नसेल तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

(मन जड झालं असेल तर टेली-मानसला फोन करा: १४४१६. पैसे लागत नाहीत.)