काठी उचलणाऱ्याच्या घरातही कॅमेरा जावा

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे होतात. शताब्दीच्या निमित्ताने मालिका, चित्रपट, वेब सिरीज करण्याचे बेत आखले जातील आणि ते आखले जायलाच हवेत. मात्र ही गोष्ट कशी सांगायची, हे आधी ठरवले पाहिजे. ऐतिहासिक कथा पडद्यावर आणण्याची आपली रीत ठरून गेलेली आहे. नायक पहिल्या दृश्यापासून महामानव असतो, विरोधक पहिल्या दृश्यापासून राक्षस असतो आणि प्रेक्षक आपण योग्य बाजूला आहोत या समाधानात शेवटपर्यंत बसून राहतो. महाडची गोष्ट या रीतीने सांगितली तर तिचा गाभाच हरवेल. तिचा सर्वांत अवघड भाग तळ्याच्या पायऱ्यांवर घडलेला नाही. तो त्या दिवशी काठ्या घेऊन बाहेर पडलेल्या माणसांच्या घरांत घडला आहे. कॅमेरा तिथे जायला हवा.

हे धाडस कसे करता येते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण एका व्हिडिओ गेमने दिले आहे. नॉटी डॉग या अमेरिकी कंपनीचा ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा गेम जून २०२० मध्ये आला आणि खेळणाऱ्यांमध्ये उभी फूट पडली. पहिल्या भागात ज्या जोएलवर लोकांनी जीव लावला होता, त्याला ॲबी नावाची तरुणी सुरुवातीलाच ठेचून मारते. जोएलला वडिलांच्या जागी मानणारी एली सूड घ्यायला निघते. निम्मा खेळ झाल्यावर मात्र सूत्रे ॲबीच्या हाती जातात. जिचा द्वेष करत इथवर आलो, तिच्याच पावलांनी खेळणाऱ्याला चालावे लागते आणि जोएलने तिच्या वडिलांना मारले होते, हे त्याला तिच्या बाजूने भोगावे लागते. संतापलेल्या काहींनी ॲबीला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. एचबीओने २०२५ मध्ये हाच भाग मालिकेच्या रूपात आणला, तेव्हा तो वादग्रस्त मृत्यू गाळला नाही की लांबवला नाही. तो दुसऱ्याच एपिसोडमध्ये दाखवला. एक बदल मात्र विचारपूर्वक केला. ॲबीचे दुःख प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले. गेममध्ये खेळणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, म्हणून त्याला उशिरा धक्का देता येतो. मालिकेचा प्रेक्षक नुसता पाहत असतो, त्याला आधी आत घ्यावे लागते. माध्यम बदलले म्हणून सांगण्याचा क्रम बदलला, पण बोचणारा भाग तसाच राहिला.

आता आपल्याकडे पाहू. महाडशेजारच्या पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांच्यावरचा ‘तान्हाजी’ हा चित्रपट जानेवारी २०२० मध्ये आला. मोगलांची चाकरी करणारा राजपूत किल्लेदार उदयभान त्यात विकृत क्रूरकर्मा होऊन येतो. त्याची भूमिका करणाऱ्या सैफ अली खान यांनीच नंतर सांगितले की, हा इतिहास आहे असे आपल्याला वाटत नाही. एक राजपूत औरंगजेबासाठी कोंढाणा किल्ला का राखत होता, या प्रश्नात १६७० सालचे सगळे राजकारण दडलेले आहे. चित्रपटाने तो प्रश्न विचारलाच नाही. रायगड महाड तालुक्यातच आहे. त्या गडावर राज्याभिषेक झालेल्या संभाजीराजांवरचा ‘छावा’ २०२५ मध्ये आला, तेव्हा वाद झाला तो लेझीम खेळण्याच्या दृश्यावरून आणि शिर्क्यांच्या फितुरीच्या चित्रणावरून. दृश्य काढले गेले आणि शिर्के घराण्याच्या वंशजांपुढे दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. गणोजी शिर्के हे संभाजीराजांच्या पत्नी येसूबाईंचे भाऊ, म्हणजे ही फूट घरातली. वतनाचा हव्यास माणसाला आप्तांपासून कसा तोडतो, ही मोठी शोकांतिका तिथे हाताशी होती. ती उलगडली असती तर वादही अधिक मोलाचा झाला असता.

महाडमध्ये नेमके काय घडले ते पाहिले, तर दुसऱ्या बाजूच्या घरांत का जायचे हे कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते, तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हते. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. २० मार्चला डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर जमाव वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि लोकांनी परिषदेहून परतणाऱ्यांना गाठून मारहाण केली. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. नगरपालिकेने आपला ठराव ऑगस्टमध्ये मागे घेतला. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेसाठी स्पृश्यांपैकी कुणी जागा देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. ही कृत्ये राक्षसांची नव्हती. दुकान चालवणाऱ्या, देवाला जाणाऱ्या, मुलांना शाळेत घालणाऱ्या माणसांची होती. तीन वर्षांपूर्वी ठराव निमूट मान्य करणारे गाव तो अमलात येताच काठी उचलते, हे कसे होते? त्या दुपारी एखाद्या घरात काय बोलणे झाले, कोण गप्प बसले, कोण मागच्या दाराने निघून गेले? मालिकेने हे शोधावे. राक्षस पाहून प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण तो स्वतः राक्षस नसतो. आपल्यासारखाच माणूस काठी उचलताना पाहिला तर त्याला स्वतःकडे पाहावे लागते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की, एली आणि ॲबी दोघीही आपापल्या दुःखाने पेटलेल्या आहेत. महाडमध्ये मात्र एका बाजूला अन्याय सोसणारे होते आणि दुसऱ्या बाजूला अन्याय करणारे. मग दोघांच्या घरांत सारखाच कॅमेरा नेणे म्हणजे अत्याचाराला समजून घेण्याच्या नावाखाली माफ करणे नव्हे का? हा धोका खरा आहे आणि लेखकाने तो क्षणभरही विसरता कामा नये. दोन्ही पारडी सारखी दाखवणे हे खोटे ठरेल. पण आत जाणे म्हणजे बाजू घेणे नव्हे. तळ्याचा वाद पुढे न्यायालयात गेला, तेव्हा सनातनी पक्षाचे म्हणणे न्यायालयानेही तपशीलवार ऐकून घेतले. तळे खाजगी आहे आणि अनादी रूढीने अस्पृश्यांना तिथे मज्जाव आहे, असा त्यांचा दावा होता. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशी अनादी रूढी त्यांना सिद्धच करता आली नाही. ज्याला लोक परंपरा समजत होते, तिला पुराव्याचा आधार नव्हता. हे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडले, तरच त्याचा पोकळपणा प्रेक्षकाला स्वतःहून दिसतो.

दुसरा आक्षेप भावना दुखावण्याचा. वंशज उभे राहतील, वाहिनीवर मोर्चे येतील, म्हणून हात राखून लिहावे असे सांगितले जाते. त्यासाठी खऱ्या कुटुंबांची आडनावे वापरायची गरज नाही, कल्पित घरे उभी करता येतात. शिवाय त्या काळच्या स्पृश्य महाडचा एकच चेहरा नव्हता. नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे सत्याग्रहाच्या बाजूने उभे होते. डिसेंबरच्या परिषदेत २५ तारखेला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. त्याच समाजात राहून वेगळा निर्णय घेता येत होता, हे त्यांनी दाखवले. म्हणूनच काठी उचलणाऱ्याला परिस्थितीचा बळी म्हणून सोडून देता येत नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ता होता आणि त्याने तो नाकारला. हे दाखवणारी मालिका कोणत्याही समाजाची बदनामी करत नाही, ती माणसाला जबाबदार धरते.

आणि महाडच्या गोष्टीत असे काही आहे, जे त्या गेमच्या कथेला फार उशिरा आणि फार रक्त सांडल्यावर सापडते. हल्ला झाला तेव्हा बाबासाहेबांभोवती मोठा समुदाय होता. त्यात लष्करात नोकरी केलेले महार जवान होते. लढाई पाहिलेली ही माणसे एका इशाऱ्याची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि दाद कायद्याकडे मागितली. डिसेंबरमध्ये दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आला, तेव्हाही त्यांनी तळ्यावर जाणे स्थगित केले आणि दहा वर्षे खटला लढवला. या संयमाची किंमत प्रेक्षकाला कळायची असेल, तर समोरून आलेला घाव त्याला पूर्ण दिसला पाहिजे आणि तो घालणारा हातही माणसाचाच आहे हे दिसले पाहिजे. विरोधक राक्षस असेल, तर त्याला न मारणे ही नुसती उदारता ठरते. तो शेजारी असेल, उद्या त्याच्याच बरोबर एका गावात राहायचे असेल, तर न मारणे हा समाज कसा घडवायचा याबद्दलचा निर्णय ठरतो. शताब्दीच्या वर्षी वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी महाडची गोष्ट जरूर सांगावी, पण तिचा काटा न काढता सांगावी. पाणी प्यायलेल्यांचे धैर्य किती मोठे होते, हे समोर कोण उभे होते ते कळल्याशिवाय कळणार नाही.