अस्तराचा हात

एका निवृत्त शाळामास्तरानें पापण्यांवरील रंगाविषयीं लिहावें, हें पाहून कित्येक वाचक चष्मा पुसून पुन्हां एकदां लेखकाचें नांव पाहतील. व्याकरण, पंचांग आणि मुलांचें वळण हे माझे नेहमींचे विषय. प्रसाधन हा माझा प्रांत नव्हे. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं जें घडलें त्यांत चूक माझी होती, आणि ज्या विषयांत चूक झाली त्याचा अभ्यास करूनच ती दुरुस्त करावी, असें मी पस्तीस वर्षें विद्यार्थ्यांना सांगत आलों. तेव्हां माझा हा गृहपाठ आज वाचकांपुढें ठेवतों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु वारले त्यास अकरा वर्षें झालीं. वहिनी, त्यांचे मुलगे, सुना व नातवंडें अशीं सारीं आम्ही एकाच घरांत राहतों. वहिनींच्या नातीचा साखरपुडा चैत्रांत झाला. मुलीनें साडीला साजेसा जांभळा रंग पापण्यांवर लावला होता. सकाळीं नऊ वाजतां तो शोभून दिसत होता हें मलाहि कबूल आहे. परंतु दुपारची पंगत उठेपर्यंत पापणीच्या घडींत त्याची एक काळपट रेघ जमली आणि बाकीचा रंग नाहींसा झाला. संध्याकाळीं छायाचित्रें पाहतांना मुलगी हिरमुसली. तेव्हां सर्व मंडळींसमक्ष मी बोलून गेलों, "जो रंग पंगत उठेपर्यंत टिकत नाहीं तो लावावाच कशाला? देवानें दिलेले डोळे काय कमी होते?" ती कांहीं बोलली नाहीं, उठून आंत गेली. स्वयंपाकघराच्या दारांत वहिनी उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, रंगाचा दोष नाहीं. खालीं मेण नव्हतें."

माझ्या वयाच्या वाचकांस या बोलण्याचा अर्थ सांगावयास नको, तरुणांसाठीं सांगतों. चिकटविण्याच्या टिकल्या घरोघर येण्यापूर्वीं आमच्या आया कोरडें कुंकूं लावीत. तें नुसतें लावलें तर घामानें ओघळे, नाहीं तर झडून नाकावर पडे. म्हणून फणेरपेटींत आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा यांच्या शेजारीं मेणाची एक लहानशी डबी असे. मधमाश्यांचें मेण थोड्या खोबरेल तेलांत मऊ करून तें त्या डबींत ठेवीत. आधीं बोटानें मेणाचा बारीक ठिपका कपाळावर द्यावयाचा, तो नीट गोल करावयाचा, आणि मग त्यावर कुंकूं दाबावयाचें. चूल फुंकून आणि पाणी भरून दिवस मावळला, तरी कुंकूं जागचें हलत नसे.

हाच नियम मोठ्या कामांतहि आहे. घर रंगविणारे कारागीर पहिला हात अस्तराचा देतात. अजिंठ्याच्या लेण्यांत खडकावर एकदम रंग दिलेला नाहीं. माती, भुसा व गवताचे तंतु यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथांत चित्रकलेचीं अंगें सांगतांना 'भूमिबंधन' हें एक स्वतंत्र अंग मानलें आहे. हा शब्द मीं वर्गांत किती वेळां समजावून सांगितला असेल. पण घरांतल्या मुलीच्या पापणीलाहि भूमि लागते, हें मला सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं नातीची क्षमा मागितली आणि तिला म्हटलें, "लग्नाला महिना आहे, तोंवर आपण दोघें हें शिकूं." तिचे वडील रसायनशास्त्राचे पदवीधर, त्यांना मध्यें घेतलें. बाजारांत या अस्तराला 'प्रायमर' किंवा 'बेस' म्हणतात. नातीनें तशा दोन नळ्या आणिल्या, आणि आम्ही भिंग घेऊन त्यांवरील घटकांची यादी वाचली.

प्रथम रोगाचें निदान. पापणीची त्वचा सर्व शरीरांत सर्वांत पातळ. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मनुष्य मिनिटाला सुमारें १५ ते २० वेळां डोळे मिटतो. म्हणजे तासाला ९०० ते १२०० वेळां ती त्वचा घडी घालते व उलगडते. सकाळीं नऊपासून दुपारीं एकपर्यंत हा आंकडा ३६०० ते ४८०० होतो. इतक्या वेळां मिटलेल्या घडींत कोरडी पूड जागेवर राहील कशी? त्यांत भर म्हणून त्वचेचा स्वतःचा तेलकटपणा आहे, पापणीच्या कडेला तैलग्रंथि आहेत, आणि कपाळाचा घाम वरून उतरतोच. पापणीवरील रंगाच्या वडींत बहुधा शंखजिरें, अभ्रक, लोहाचीं ऑक्साइडें आणि तीं बांधून ठेवण्यापुरतें थोडें तेल असतें. अंगचें तेल त्यांत मिसळलें कीं पूड ओली होते, काळवंडते आणि घडींत गोळा होते. आमच्या मुलीच्या डोळ्यांवरची रेघ ती हीच.

आतां उपाय. अस्तर तीन कामें करतें. त्यांतील सिलिका किंवा केओलिन नांवाची पांढरी माती तेल शोषून घेते. डायमेथिकोनसारखीं सिलिकोनें त्वचेवर सहज पसरून तिच्या बारीक सुरकुत्या सारख्या करतात. त्यांच्या जोडीला उडून जाणारीं हलकीं सिलिकोनें असतात, तीं उडालीं कीं मागें एक पातळ, लवचिक पापुद्रा राहतो. तिसरें काम मेणाचें वा राळेसारख्या द्रव्यांचें, म्हणजे पूड धरून ठेवण्याचें. कांहीं अस्तरांत त्वचेच्या वर्णाचा रंगहि असतो, त्यामुळें पापणीवरील निळसर शिरा झांकल्या जातात आणि वरचा रंग डबींत दिसतो तसाच उमटतो.

हें लावण्याची रीत नातीनें अनेक प्रयोगांनीं ठरविली, ती अशी. पापणी धुऊन कोरडी करावी, आणि त्यापूर्वीं तिच्यावर तेलकट मलम लावूं नये. दोन्ही डोळ्यांस मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढें अस्तर पुरतें. तें अनामिकेनें घ्यावें, कारण त्या बोटाचा दाब सर्वांत हलका. पापणीच्या केसांपासून घडीच्या थोडें वरपर्यंत थापटून पातळ पसरावें. मग अर्धा ते एक मिनिट थांबावें. बहुतेकांची चूक होते ती येथेंच. उडून जाणारा अंश उडूं दिला नाहीं, तर ओल्या अस्तरावर रंगाचे डाग पडतात. रंग कुंचल्यानें घासूं नये. वहिनी कुंकूं दाबीत तसा तो दाबून बसवावा. दोन रंग एकमेकांत मिसळावयाचे असतील तर मधें त्वचेच्या वर्णाच्या पुडीचा अगदीं हलका हात द्यावा, नाहीं तर रंग जेथें पडला तेथेंच चिकटून बसतो. आणि अस्तर जास्त झालें तर तेंच घडींत जमतें. पहिल्या दिवशीं नातीनें वाटाण्याएवढें घेतलें, आणि परिणाम साखरपुड्याहून वाईट झाला!

तिनें एकदां विचारलें, "आजी, मग डबींतलें मेणच पापणीवर लावलें तर?" वहिनींनीं तत्काळ मान हलविली. "कपाळ मिटत नाहीं ग. पापणी मिटते. मेण वितळून डोळ्यांत जाईल." रसायनाचे पदवीधर गप्प बसले, कारण उत्तर बिनचूक होतें. खोबरेल तेल २४ अंशांच्या सुमारास पातळ होतें. त्यांत कालविलेलें मेण वैशाखांत कपाळावर कसेंबसें तग धरील, घडींत धरणार नाहीं. शिवाय पापणीच्या कडेच्या ग्रंथींचीं तोंडें बुजण्याची भीति. पेट्रोलियम जेलीनेंहि रंग टिकत नाहीं, उलट घसरतो. डाग झांकण्याचें मलम अस्तराऐवजीं चालतें, परंतु त्यांत तेलकट अंश अधिक असल्यामुळें त्यावर पुडीचा हात दिल्यावांचून भागत नाहीं.

डोळ्याची बाब म्हणून सावधगिरीच्या चार गोष्टी. नवें अस्तर दोन दिवस आधीं कोंपराच्या आंतील बाजूस लावून पाहावें. तें पापण्यांच्या केसांच्या आंतील ओलसर कडेला लावूं नये. नळी व कुंचला दुसऱ्यास देऊं नये. एकत्र कुटुंबांत ताट-वाटी सामाईक असावी, डोळ्यांचीं साधनें नव्हेत. रात्रीं निजण्यापूर्वीं तेलयुक्त द्रवांत भिजविलेला कापूस कांहीं क्षण पापणीवर धरून मग हलकेंच खालीं पुसावें, चोळूं नये. डोळा लाल झाला तर वस्तु टाकून द्यावी आणि वैद्यास दाखवावें. टिकल्या लावणाऱ्यांसहि एक सूचना: कांहीं टिकल्यांच्या डिंकांतील एका रसायनानें कपाळावर पांढरे डाग पडल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलीं गेलीं आहेत. डाग दिसूं लागतांच टिकली बंद करावी.

लग्नाच्या आदल्या रात्रीं नात म्हणाली, "डोळे मी माझे रंगवीन, कुंकूं मात्र आजीनें लावावयाचें, मेणावर." वहिनी मागें सरल्या. "मी नको. सवाष्ण बोलवा कोणी." खोलींत सारीं स्तब्ध झालीं आणि सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें, कारण आमच्या घरीं पोथी काढून निर्णय सांगण्याचें काम माझें. अकरा वर्षांपूर्वीं त्यांची फणेरपेटी कपाटांत गेली त्या दिवशीं मी घरांतच होतों, आणि कांहीं बोललों नव्हतों. २०२२ सालच्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें विधवांचें कुंकूं पुसण्याची व बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो वर्तमानपत्रांत वाचून मीं समाधानानें मान डोलाविली होती. आपल्याच घरांतील कपाट मात्र मला दिसलें नाहीं. मीं पोथी काढली नाहीं. म्हटलें, "वहिनी, ज्याचा हात स्थिर त्यानें कुंकूं लावावें. या घरांत तुमच्याहून स्थिर हात कोणाचा?"

पेटी उघडली तेव्हां डबींतील मेण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तें टाकून रात्रींच नवें केलें. सकाळीं वहिनींनीं नातीच्या कपाळावर ठिपका दिला, तेव्हां त्यांचा हात क्षणभर थरथरला. कुंकूं दाबतांना मात्र तो स्थिर होता. त्या दिवशीं ऊन कडक होतें. पाठवणीच्या वेळीं मुलगी रडली तेव्हां पापणीचा रंग कडेला जरा पुसला गेला. घडींत रेघ मात्र उमटली नाहीं, आणि कुंकूं सकाळीं होतें तसेंच होतें.

मेणाची डबी आतां वहिनींच्या खोलींतील कोनाड्यांत असते, कपाटांत नव्हे. त्या स्वतः ती वापरतात कीं नाहीं, हें मीं विचारलेलें नाहीं. तो अधिकार त्यांचा. पुढच्या महिन्यांत पुन्हां आपलें व्याकरण.